कृश देह, मेदयुक्त यकृत

यकृतातील मेदविकाराचे २०२३ साली झालेले नामकरण स्वागतार्ह होय. ‘अमद्यजन्य’ या नकाराच्या जागी चयापचयातील बिघाड आला. उपचाराची भाषा मात्र पुष्कळदा वजनकाट्यापाशीच थांबते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली : देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के! तेव्हा देऊळघाटसारख्या गावातील सडपातळ रुग्णास ‘वजन उतरवा’ एवढेच सांगणे अपुरे. कमरेचा घेर, रक्तशर्करा, रक्तदाबही पाहावयास हवेत. अशा रुग्णास तीन ते पाच टक्के घटही उपकारक ठरते. पण ती स्नायू राखून साधावयाची असते. भाकरीबरोबर डाळ किती, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकीय ठरतो.