चौकोन, तारा आणि आंदोलित गंधार

पिंपळे सौदागरमध्ये संध्याकाळी चाकण, भोसरी, हिंजवडीच्या कंपनी बसमधून उतरणाऱ्यांतले कितीतरी जण दिवसभर एकच काम करून आलेले असतात. पडद्यावर चौकोन मांडायचे, रेघांनी जोडायचे, चालवून बघायचं. कुणाचे सिम्युलिंकचे ब्लॉक, कुणाचं लॅबव्ह्यू, कुणाचं पीएलसीचं लॅडर. या मंडळींना प्युअर डेटा किंवा मॅक्स दाखवलं तर कसलीही प्रस्तावना लागत नाही. तारेतून ब्रेकचा दाब किंवा मोटरचा वेग जाण्याऐवजी इथे आवाज जातो, एवढंच. लॅबव्ह्यू १९८६ मध्ये आलं आणि पॅरिसच्या इरकाम या संस्थेत मिलर पकेट यांनी मॅक्सची सुरुवातीची रूपं लिहिली तीही त्याच दशकाच्या उत्तरार्धात. चाचणीशाळा आणि स्टुडिओ एकाच सुमारास एकाच युक्तीपाशी पोचले होते. पुढे १९९६ मध्ये पकेट यांनीच प्युअर डेटा, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तोंडी ‘पीडी’, मोफत खुलं केलं. मॅक्स सायक्लिंग ७४ कडे गेलं आणि २०१७ मध्ये त्या कंपनीसकट एबल्टनच्या घरात आलं.

या दोन्ही साधनांच्या मूळ चौकोनांची संख्या मर्यादित आहे: बेरीज, गुणाकार, दोलक, फिल्टर, विलंब. खरी दुनिया बाहेरून जोडलेल्या ऑब्जेक्टांची आहे, ज्यांना सगळीकडे ‘एक्स्टर्नल’ म्हणतात. कुणीतरी सी भाषेत लिहितं, कम्पाइल करतं, फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकतं आणि वापरणाऱ्याला तो आणखी एक चौकोन दिसतो. मूळ चौकोन कुठला आणि पाहुणा कुठला, हे पॅच, म्हणजे जोडलेल्या चौकोनांचा आराखडा, बघून कळतही नाही. या पाहुण्यांची आजची तब्येत कशी आहे आणि त्यांना आपलं गाणं ऐकू येतं का, या दोन प्रश्नांसाठी हा लेख. पहिल्याचं उत्तर बरंचसं आशादायक आहे. दुसऱ्याचं तसं नाही.

पीडीपुरतं बोलायचं तर सध्याचा सगळ्यांत भरीव संग्रह ब्राझीलच्या अलेक्झांद्रे तोरेस पोरेस यांचा ‘एल्स’. त्यात दोलक, रिव्हर्ब, क्रमवादक यांच्याबरोबर सप्तक वेगळ्या रीतीने लावण्याची साधनंही आहेत, आणि प्रत्येक ऑब्जेक्टची हेल्प फाइल नीट लिहिलेली आहे. ही शेवटची गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. निम्मे एक्स्टर्नल हेल्प फाइलअभावीच मरतात. ‘सायक्लोन’ हा मॅक्सच्या ऑब्जेक्टांची पीडीतली प्रतिरूपं देणारा संग्रह क्रिस्तॉफ चाया यांनी सुरू केला, मध्ये तो निपचित पडला आणि पोरेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पुन्हा उभं केलं. विल्यम ब्रेंट यांचं ‘टिंबर-आयडी’ नादाच्या पोतावरून आवाज वेगळे करतं. इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठातला ‘फ्लुकोमा’ प्रकल्प (२०१७ ते २०२२) ध्वनीचे तुकडे पाडणं, वर्गीकरण, यंत्रशिक्षण हे सगळं मॅक्स, पीडी आणि सुपरकोलायडर या तिन्ही ठिकाणी घेऊन गेला. मॅक्सच्या बाजूला आगोस्तिनी आणि गीझी या दोघांच्या ‘बाख’ने स्वरलेखन थेट पॅचमध्ये आणलं. इरकामच्या ‘एनएन’ या ऑब्जेक्टने तर शिकवलेलं न्यूरल जाळंच एका चौकोनात बसवलं. त्यात कुणाचा आवाज शिकवला आहे, यावर ते काय गाणार हे ठरतं. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हे वैभव खरं असलं तरी फार थोड्या माणसांच्या खांद्यावर उभं आहे. ‘पीडी-एक्स्टेंडेड’ची आठवण जुन्या लोकांना आहे. शेकडो एक्स्टर्नल एकाच संचात मिळत, शिकवणारे तेच वापरत, पुस्तकं त्याच्यावर लिहिली गेली. २०१३ च्या आवृत्तीनंतर ते थांबलं आणि त्यावर बांधलेले पॅच अनाथ झाले. पॅच उघडावा तर चौकोनांच्या कडा तुटक रेघांनी दिसतात, म्हणजे ऑब्जेक्ट सापडत नाही. पुढे पीडीच्या ०.४७ आवृत्तीत ‘डेकेन’ आलं आणि मेन्यूतून शोधून एक्स्टर्नल उतरवता येऊ लागले. ही मोठीच सोय झाली. पण डेकेन फाइल पोचवतं, ती जिवंत ठेवत नाही. ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जाताना एकदा आणि ॲपलने २०२० मध्ये स्वतःचे प्रोसेसर आणल्यावर पुन्हा एकदा, सगळं नव्याने कम्पाइल करावं लागलं. ज्यांचे कर्ते दुसऱ्या उद्योगाला लागले होते ते तिथेच राहिले. पाच वर्षं सांभाळायची तयारी नसेल तर एक्स्टर्नल प्रसिद्ध करू नये, असं माझं मत होत चाललं आहे. भंगार वाढतं आणि नवशिक्याचा विश्वास उडतो.

आता दुसरा प्रश्न.

पीडीबरोबर येणाऱ्या ‘सिग्मंड’ या ऑब्जेक्टकडे पाहा. हाही पकेट यांचाच, जुन्या ‘फिडल’ची सुधारलेली पिढी. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाचा सूर तो ओळखतो आणि हे काम उत्तम करतो. काळी एकचा पुरुषी षड्ज लावा, तो ४९ च्या आसपासचा मिडी आकडा देईल, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ. हा आकडा अपूर्णांकात येतो, त्यामुळे तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार, जो पियानोच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट उतरलेला असतो, तोही त्याला नेमका दिसतो. पाश्चात्त्य साधन म्हणून त्याला बारा सुरांपलीकडे ऐकू येत नाही, ही तक्रार कानावर येते. ती चुकीची आहे. कान शाबूत आहे.

अडचण सुरू होते ती त्याला ‘सूर कुठला लागला ते सांग’ म्हटल्यावर. या रीतीत सिग्मंडची दोन गृहीतकं आहेत. सूर ५० मिलिसेकंद स्थिर राहिला तर तो सूर, आणि त्याभोवती एका अर्ध्या सुराएवढी थरथर झाली तर तो कंप, म्हणजे तोच सूर. दोन्ही आकडे बदलता येतात, पण त्यांच्यामागची समजूत बदलत नाही: सूर म्हणजे एक जागा, हालचाल म्हणजे त्या जागेवरचं डगमगणं. दरबारीतला कोमल गंधार या व्याख्येत कुठे बसवायचा? तो रिषभाकडे झुकून सावकाश झोके घेतो आणि तो झोका हाच गंधार. थरथरीचा आकडा वाढवला तर यंत्र सगळं एकाच सुरात लिंपून टाकतं; कमी केला तर एका गंधाराचे चार-पाच सूर करून देतं. मींडेचं तेच. ती दोन सुरांमधली वाट आहे आणि यंत्र वाटेवरचे थांबे मोजत बसतं. नुसता सुराचा प्रवाह मागितला तर सिग्मंड प्रामाणिकपणे वक्ररेषा देतो, पण त्या रेषेचं काय करायचं हे सांगणारा पुढचा चौकोन वर सांगितलेल्या मोठ्या संग्रहांत नाही. भर म्हणून शेजारी तंबोरा वाजत असेल, आणि आपल्याकडे तो वाजतोच, तर एकच सूर शोधणारा सिग्मंड मधूनमधून गायकाला सोडून तंबोऱ्याच्या मागे जातो.

तालाची गत आणखी साधी आणि आणखी वाईट. ‘मेट्रो’ हा चौकोन ठरलेल्या मिलिसेकंदांनी टिचकी देतो. त्याच्यावर सोळा मोजले की तीनताल झाला, असं समजणारे पॅच भरपूर आहेत. किराणा घराण्याच्या विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असते. त्या अवकाशात तबलजी काय भरतो आणि समेला दोघं कसे एकत्र येतात, हे घड्याळाच्या टिचकीतून कळणार नाही. ‘बॉन्क’ हा आघात ओळखणारा ऑब्जेक्ट नमुने देऊन शिकवता येतो: ‘ना’ दहा वेळा वाजवा, ‘तिं’ दहा वेळा, ‘गे’ दहा वेळा. मग ‘धा’ आला की गोंधळ होतो, कारण ‘धा’ म्हणजे दोन हातांचे दोन बोल एकदम. बॉन्कला तो तिसराच कुणी वाटतो. ‘गे’ची मींड तर आघात संपल्यावर सुरू होते आणि तोवर बॉन्कचं काम आटोपलेलं असतं. श्रावण-भाद्रपदात पवनेकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो तेव्हा एक मायक्रोफोन बाहेर काढून बघावा. चाळीस ढोलांचा ठोका चाळीस जागी सांडतो, वर ताशाचा सतत कडकडाट. आघातशोधक ऑब्जेक्टांची याहून कडक परीक्षा नसेल.

यातला कुठलाही प्रश्न नवा नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. महाराष्ट्राइतकं गाण्याचं मोजमाप भारतात फार थोड्या ठिकाणी झालं असेल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचं पुस्तक १९१० मध्ये काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना मिळाला आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांबरोबर श्रुती-हार्मोनियमही घडला. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली. १९८० च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जिम आर्नल्ड यांनी गळ्यातल्या सुराचा चालता आलेख काढणारं ‘मेलॉडिक मूव्हमेंट ॲनलायझर’ बांधलं. मुंबईच्या एनसीपीएमध्ये पुढे सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी रागसंगीताचं आपोआप स्वरलेखन करण्याचा ‘ऑट्रिम’ प्रकल्प केला. त्यात गाणं वाजत असताना सुराची रेषा डोळ्यांसमोर सरकते आणि आंदोलन हे आंदोलनासारखंच दिसतं. पवईच्या आयआयटीत प्रीती राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पेटीची साथ चालू असताना गायकाचा सूर वेगळा कसा काढायचा, यावर वर्षानुवर्षं काम केलं. बार्सिलोनातून चाललेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पाने (२०११ ते २०१७) हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे संच तयार केले, षड्ज ओळखण्याच्या रीती काढल्या.

हे सगळं गेलं कुठे? शोधनिबंधांत, प्रबंधांत आणि परिषदांच्या इतिवृत्तांत. चौकोनात आलं नाही.

बेल यांचंच उदाहरण पुढे न्यायला हवं, कारण ते पुण्याशीही जोडलेलं आहे. जेम्स किपेन यांच्याबरोबर त्यांनी १९८० च्या दशकात ‘बोल प्रोसेसर’ लिहिला. लखनौ घराण्याचे कायदे कसे वाढतात, कुठला बदल चालतो आणि कुठला खपत नाही, हे व्याकरणाच्या नियमांत मांडणारा हा प्रोग्राम होता. उस्ताद बसून यंत्राने काढलेले पलटे ऐकत आणि चूक-बरोबर सांगत. हेच बेल पुढे पुण्याच्या सीसीआरएसएस या संस्थेत गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा डेटाबेस बांधायला आले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आज ‘परी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो. बोल प्रोसेसर अजून जिवंत आहे, मुक्तस्रोत आहे, मिडी आणि सीसाउंडशी बोलतो. मात्र तो राहिला स्वतंत्र घर करून. ज्यांच्या पॅचमध्ये तो एक चौकोन म्हणून शिरला असता, त्या हजारो लोकांपर्यंत त्याचं नावही गेलं नाही. चांगलं ज्ञान स्वतंत्र प्रोग्राममध्ये ठेवलं की ते मानाने कोपऱ्यात बसतं. एक्स्टर्नलमध्ये घातलं तर अनोळखी माणूस ते भलत्याच कामाला वापरतो आणि त्यातूनच ते टिकतं. फोनवरची तंबोरा-तबल्याची ॲपही याच कारणाने इथे उपयोगाची नाहीत. रियाजाला ती फार चांगली, पण त्यांना तार जोडता येत नाही.

म्हणून सुरुवात षड्जापासून व्हावी. आपल्या गाण्यात बाकी सगळे सूर षड्जावरून ठरतात, आणि पीडीत येणारा आकडा मात्र ४४० हर्ट्झच्या पाश्चात्त्य ‘ए’वरून. चालू मैफिलीत तंबोरा ऐकून षड्ज सांगणारा आणि पुढचा प्रत्येक सूर त्यापासून किती सेंट दूर आहे हे देणारा एक छोटा ऑब्जेक्ट झाला तर निम्मे पॅच सरळ होतील. कामाचा आधार तयार आहे: बार्सिलोनाच्या ‘एसेन्शिया’ या मुक्त लायब्ररीत भारतीय संगीतातला षड्ज शोधणारा अल्गोरिदम आहेच. मात्र तो ध्वनिमुद्रणाचा लांब तुकडा मागतो. जिवंत आवाजासाठी त्याची मांडणी बदलावी लागेल. त्यानंतर आंदोलन आणि मींड यांना घटना म्हणून ओळखणारा ऑब्जेक्ट लागेल: कुठून निघाली, कुठे झुकली, किती वेळात. श्रुती बावीस की चोवीस या वादात मात्र त्याने पडू नये. देवलांपासूनच्या शंभर वर्षांत तो वाद मिटलेला नाही आणि चौकोनाने मिटणार नाही.

हे लिहायला संगीताचा पंडित लागत नाही. पीडीचा आवाज ६४ नमुन्यांच्या हप्त्यांनी चालतो. ४४,१०० च्या दराने एक हप्ता सुमारे १.४५ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात फंक्शन परत आलं पाहिजे. मध्येच मेमरी मागायची नाही, फाइल उघडायची नाही, नाहीतर आवाज तुटतो. ज्यांनी गाडीच्या कंट्रोलरसाठी कोड लिहिला आहे त्यांना ही शिस्त नवी नाही. ठरलेल्या मिलिसेकंदांत काम संपवणं हीच त्यांची नोकरी आहे. गाणं शिकलेला आणि ही शिस्त असलेला माणूस शोधायला राहाटणी-वाकडच्या पलीकडे जावं लागेल असं मला वाटत नाही. इथल्या सोसायट्यांत दिवसा एम्बेडेड कोड लिहून संध्याकाळी ख्याल शिकणारे भेटतात. दोन्ही कामं एका टेबलावर अजून आलेली नाहीत, इतकंच.

अशा कुणी हा लेख वाचला असेल तर एवढी विनंती: एखाद्या सुट्टीत सिग्मंडचा स्रोत उघडून पाहा. तो सी भाषेतल्या एकाच फाइलीत आहे, ५० मिलिसेकंदांचा तो आकडाही त्यातच आहे, आणि त्याचा बीएसडी परवाना हवा तो बदल करायला मोकळीक देतो.