इंग्रजीच्या झरोक्यांतून दिसणारे जपानी नवलेखक

जपानविषयीं मराठी माणसाला कौतुक फार, पण जपानी वाङ्मयाविषयींची त्याची माहिती अगदीं थोडी, असें म्हटलें तर तें कोणास अन्यायाचें वाटूं नये. १९०५ सालीं बलाढ्य रशियाचा पराभव झाला तेव्हांपासून हें कौतुक चालत आलें आहे. १९१५ त टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेब कर्व्यांच्या हातीं आली आणि दुसऱ्याच वर्षीं महाराष्ट्रांत महिला विद्यापीठ उभें राहिलें. इतका आपला जपानशीं ऋणानुबंध! परंतु वाङ्मयाची गोष्ट निघाली म्हणजे आपण अडखळतों. शिरीष पै यांनीं हायकू मराठींत रुजविला. तेत्सुको कुरोयानागी यांचें ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या भाषांतरानें मराठी घरांत गेलें. १८६४ पासून चालत आलेलें कल्याणचें सार्वजनिक वाचनालय काय, किंवा १८९३ त स्थापन झालेलें ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय काय, तेथल्या एखाद्या जुन्या सभासदाला ‘जपानी काय वाचलेंत?’ म्हणून विचारावें, तर उत्तर बहुधा या दोहोंपाशीं थांबतें. सभासद तरुण असला तर हारुकी मुराकामी हें तिसरें नांव पुढें येतें, आणि तें बहुधा इंग्रजींतून वाचलेलें असतें.

मुराकामी यांचा जन्म १९४९ चा. ज्यांना आम्ही ‘नवे जपानी लेखक’ म्हणून वाचतों ते अशा रीतीनें पंचाहत्तरी ओलांडून गेलेले असतात, यांतलें वैगुण्य आपल्या लक्षांतहि येत नाहीं. खरे नवे कोण हें पाहावयाचें तर आकुतागावा पारितोषिकाकडे पाहावें. आकुतागावा र्‍युनोसुके या कथाकारानें १९२७ त आत्मघात केला. त्याच्या स्मरणार्थ त्याचा मित्र किकुची कान यानें १९३५ त हें पारितोषिक सुरू केलें. वर्षांतून दोनदां, आणि उदयोन्मुख लेखकांना तें देतात. २००४ च्या जानेवारींत तें दोघींत विभागलें गेलें: रिसा वाताया एकोणीस वर्षांची, हितोमी कानेहारा वीस वर्षांची. २०२१ त तें रिन उसामीला मिळालें तेव्हां ती एकवीस वर्षांची होती. तिच्या कादंबरींतली शाळकरी मुलगी एका गायक-नटाच्या भक्तींत इतकी बुडालेली आहे कीं, त्यानें एका चाहतीला मारल्याचा बोभाटा होतो तेव्हां तिच्याच आयुष्याचा कणा मोडतो. २०२३ त साओउ इचिकावा यांना तें मिळालें. त्यांना स्वतःला जन्मतःच स्नायूंचा विकार आहे, आणि त्यांची नायिकाहि तशीच. कागदी पुस्तक हातांत धरावें, पानें उलटावीं, त्याचा वास घ्यावा या आपल्या नित्याच्या सुखाचा ती नायिका जो संताप करते, तो ग्रंथप्रेमाचीं व्याख्यानें देणाऱ्या आम्हां मंडळींनीं एकवार मुकाट्यानें ऐकून घेण्याजोगा आहे.

पण या सर्वांत अधिक थांबावेंसें वाटतें तें सायाका मुराता यांच्या ‘कोन्बिनी निन्गेन’ या छोट्या कादंबरीपाशीं. २०१६ त तिला हेंच पारितोषिक मिळालें. कोन्बिनी म्हणजे रात्रंदिवस उघडें असणारें, भाताच्या मुटक्यापासून छत्रीपर्यंत सर्व कांहीं देणारें नाक्यावरचें दुकान. अशा दुकानांत मुराताबाईंनीं स्वतः पुष्कळ वर्षें काम केलें आहे. त्यांची नायिका केइको छत्तीस वर्षांची, अविवाहित. अठरा वर्षें ती एकाच दुकानांत तात्पुरत्या नोकरीवर आहे. व्यवस्थापक येतात, जातात, ती राहते. लहानपणीं बागेंत मेलेलें पांखरूं सांपडतें. इतर मुलें रडतात. ही आईला म्हणते, बाबांना भाजलेलें पांखरूं आवडतें, आपण हें घरीं नेऊं. तिच्या ठायीं क्रौर्य नाहीं. जगाचे अलिखित नियम तिला कळत नाहींत एवढेंच. ते सारे लिखित स्वरूपांत, पुस्तिकेंत, तिला प्रथम दुकानांत मिळतात: कसें हंसावें, कसें वाकावें, काय म्हणावें. सहकारी बायकांच्या बोलण्याची लकब उचलून ती आपलें बोलणें बनविते. बहीण, मैत्रिणी सारख्या विचारतात: लग्न कां नाहीं, धड नोकरी कां नाहीं? हा जाच चुकविण्यासाठीं ती शिराहा नांवाच्या एका आळशी, कुरकुऱ्या पुरुषाला घरांत ठेवून घेते. शिराहा हें पात्र मात्र आम्हांस फसलेलें वाटतें. अश्मयुगापासून माणूस बदललेला नाहीं हें पालुपद तो इतक्या वेळां म्हणतो कीं, लेखिकेला जें उपहासानें सांगावयाचें तें त्याच्या तोंडीं व्याख्यान होऊन बसतें.

हें पुस्तक ठाण्याहून कल्याणपर्यंतच्या वाचकाला परकें वाटण्याचें कारण नाहीं. सकाळीं ठराविक गाडी, ठराविक डबा, उभें राहण्याची ठराविक जागा, आणि सांजेस घरीं आल्यावर नातेवाइकांचे तेच प्रश्न: हें आयुष्य येथें लाखों माणसें जगतात. डोंबिवलीकर श. ना. नवरे यांनीं मध्यमवर्गाचें जग मोठ्या मायेनें लिहिलें. परंतु नवऱ्यांच्या जगांत माणूस थकून भागून कोठें तरी परततो. घर त्याला पोटाशीं घेतें. मुराताबाईंच्या जगांत परतावयास घर नाहीं, आणि मौज ही कीं, नायिकेला त्याचें दुःखहि नाहीं. नोकरी हीच तिची निद्रा, तिचें अन्न, तिचा देह. एकट्या, अनुत्पन्न, ‘निरुपयोगी’ ठरविलेल्या माणसाकडे दया न दाखवितां, थट्टाहि न करतां पाहण्याची ही दृष्टि आमच्या उपनगरी कथेंत विरळा आहे. येथें गर्दीची एक तर विनोदी कथा होते, नाहीं तर करुण.

येथवर जें लिहिलें तें इंग्रजी भाषांतराच्या आधारें कोणासहि लिहितां येईल. आमचा मुख्य मुद्दा निराळाच आहे. इंग्रजी शिकविण्यावर ज्याचा सारा चरितार्थ चालला त्यानें हें म्हणावें याचें कोणास नवल वाटेल. पण जपानी वाङ्मय मराठींत आणावयाचें तर इंग्रजीचा रस्ता हा आडरस्ता आहे. तो लांबचा आहे आणि त्या वाटेंत माल सांडतो.

जपानी व्याकरणाचें कोणतेंहि प्राथमिक पुस्तक उघडून पाहावें. कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं. विभक्तीचें काम करणारे शब्द नामाच्या मागून. ‘काल दुकानांत आलेला म्हातारा’ अशी सबंध वाक्याची मोळी बांधून नामाच्या आधीं ठेवण्याची सोय. ही सारी ठेवण मराठीची आहे; इंग्रजीला तोच म्हातारा आधीं उभा करून मग त्याच्यामागें शेपूट लावावें लागतें. पाऊस जोरानें पडला तर जपानी माणूस ‘झा-झा’ म्हणतो, हळू पडला तर ‘शितो-शितो’. आमच्याकडे धो-धो आहे, रिपरिप आहे, भुरभुर आहे. चांदण्यांना त्यांचें ‘किरा-किरा’, आमचें लुकलुक. इंग्रजी भाषांतरकार या शब्दांपाशीं येतो आणि एखादें क्रियाविशेषण घालून निसटतो. आदरार्थाचेंहि तेंच. गिऱ्हाईक दारांत येतांच दुकानांतले सगळे ‘इराश्शाइमासे!’ म्हणून पुकारा करतात. मुराताबाईंच्या पुस्तकांत हा पुकारा पुनः पुनः येतो. इंग्रजी भाषांतरांत तो तसाच जपानी ठेवून दिला आहे, कारण त्या भाषेंत आदरार्थी आज्ञार्थच नाहीं. मराठींत तो एका शब्दांत बसतो: ‘यावें!’

अर्थात् सगळेंच सोपें आहे असें नव्हे. जपानी क्रियापदाला लिंग नाहीं. मराठींत ‘गेलों’ कीं ‘गेलें’, ‘जातों’ कीं ‘जातें’, याचा निर्णय पहिल्याच वाक्यांत करावा लागतो, आणि बोलणारा पुरुष कीं स्त्री हें लेखकानें मुद्दाम झांकून ठेवलें असेल तर तेथें मराठी भाषांतरकाराची त्रेधा होईल. मिएको कावाकामी यांचें प्रकरण याहूनहि अवघड. त्यांच्या ज्या कथेला २००८ च्या जानेवारींत आकुतागावा पारितोषिक जाहीर झालें, तींत ओसाकाहून माकिको ही बाई टोकियोला बहिणीकडे येते. तिची मुलगी मिदोरिको बोलणें टाकून फक्त वहींत लिहिते. पुढें हीच कथा वाढवून त्यांनीं २०१९ त मोठी कादंबरी केली. कथेची सारी नस ओसाकाच्या बोलींत आहे. २०२० च्या इंग्रजी भाषांतरांत ती बोली जवळजवळ विरघळून गेली. मराठींत काय करावें? ओसाकाच्या बाईला थेट आगरी बोलावयास लावलें तर ती भिवंडीची होईल, आणि वऱ्हाडी बोलावयास लावलें तर अकोल्याची. आमच्या मतें प्रांताची बोली न घेतां घरगुती बोलण्याची लय घ्यावी: अर्धीं वाक्यें, ‘गं’ आणि ‘बाई’, शब्दांची पुनरुक्ति. पण हा प्रश्न ज्याला मूळ बोली कानांनीं ऐकूं येते त्यालाच पडूं शकतो. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याच्या पुढें तो येतच नाहीं, आणि न सुटलेल्या प्रश्नापेक्षां न पडलेला प्रश्न वाङ्मयाची अधिक हानि करतो.

मुळांतून केलेलें भाषांतर काय करूं शकतें याचा दाखला जपाननेंच दिला आहे. फुताबातेइ शिमेइ यानें १८८८ त तुर्गेन्येव्हची कथा थेट रशियन भाषेंतून जपानींत आणली, आणि तिच्यांत वापरलेल्या बोलत्या गद्यानें पुढल्या पिढीचे लेखक घडले. त्याच सुमारास तो ‘उकिगुमो’ ही कादंबरी लिहीत होता. तिचा नायक नोकरी सुटलेला एक सरकारी कारकून आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या लेखनाचा आरंभ याच दशकांतला. दोन्ही देशांत मध्यमवर्ग एकाच वेळीं कादंबरींत शिरला. पण त्यांना एकमेकांची दाद नव्हती. आपल्याकडलें उदाहरण हवें असेल तर मामा वरेरकरांचें घ्या. शरच्चंद्र त्यांनीं बंगालींतून आणले, म्हणूनच ते मराठी घरांत घरच्यासारखे वावरले.

आज हें अशक्य राहिलेलें नाहीं. पुण्यांत जपानी शिकविण्याची परंपरा आहे. आमच्या या टापूंतहि जपानी शिकणारीं मुलें-मुली दिसतात. एन-पांचपासून एन-एकपर्यंतच्या परीक्षांच्या पायऱ्या चढतात, आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका नि करारनामे यांच्या भाषांतरांत लागतात. पोटाचा प्रश्न आहे, त्यांना दोष कोण देईल? दोष द्यावयाचा तर तो आमच्या प्रकाशकांना व वाचनालयांना. इंग्रजीवरून होणारें भाषांतर स्वस्त पडतें म्हणून तेंच ते घेतात, आणि या मुलांपैकीं एकालाहि कोणी कादंबरी हातीं देऊन ‘हें कर, पैसे आम्ही देतों’ असें म्हणत नाहीं.

आरंभ कशानें करावा असें कोणी विचारलें तर आम्ही मुराताबाईंचेंच पुस्तक सुचवूं. त्याच्या नांवापासूनच मराठीचा फायदा सुरू होतो. ‘निन्गेन’ म्हणजे माणूस. स्त्री नव्हे, पुरुषहि नव्हे. इंग्रजीनें २०१८ त त्याची ‘स्त्री’ केली, आणि नांवांतला टोमणा बोथट झाला. कारण शेवटच्या पानांत केइको दुसऱ्याच एका दुकानांत शिरते, नकळत माल नीट मांडूं लागते, आणि तिच्या ध्यानांत येतें कीं आपण माणूस असण्याच्या आधीं दुकाननोकर नांवाचा एक प्राणी आहों. ‘माणूस’ हा शब्द मराठींत बाईलाहि लागतो, आणि ‘माणसांत नसणें’ हा वाक्प्रचारहि आपल्यापाशीं आहे.