'मी भाकर खाल्लो' : चूक की साक्ष?

विद्यार्थ्यांच्या मराठीविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे लेखन होते. एकात शुद्धलेखन बुडाल्याचा आक्रोश असतो, दुसऱ्यात बोलीभाषेचा गौरव. मुलाने लिहिलेले वाक्य मात्र कोणीच नीट वाचत नाही.

उदाहरणादाखल एक वाक्य घेऊ. 'मी भाकर खाल्लो आणि शाळेत गेलो.' गुरुजी 'खाल्लो'वर लाल रेघ मारतात, 'खाल्ली' लिहितात आणि पुढे जातात. पण मुलाने असे का लिहिले?

1982 साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात शाळेची भाषा बहुतांशी मराठी आहे. घरची भाषा गोंडी, माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, तर चामोर्शी-मुलचेऱ्याच्या काही वस्त्यांत बंगाली. या भाषांत क्रियापद कर्त्याशी इमान राखते. कर्माकडे पाहून रूप बदलत नाही. मराठीत मात्र भूतकाळ आला की सकर्मक क्रियापद बहुधा कर्माच्या मागे जाते. हाच कर्मणी प्रयोग. 'त्याने'मधला 'ने' निदान इशारा तरी देतो. 'मी' तोही देत नाही, कारण त्याचे रूप दोन्हीकडे सारखेच. शिवाय आपली प्रमाणभाषाच 'मी पाणी प्यालो', 'मी कविता शिकलो' असे म्हणते. मग 'भाकर खाल्लो' लिहिणारा मुलगा अडाणी कसा? त्याने नियम मोडलेला नाही, घरचा नियम शाळेत आणला आहे.

हे आपल्याला परके वाटू नये. 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या राजुऱ्यासारख्या भागातली दखनी आठवा. 'मैं रोटी खाया' म्हणणाऱ्या घरातला मुलगाही 'भाकर खाल्लो'च लिहील. उर्दूत नपुंसकलिंग नाही आणि 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून तो 'माझी पुस्तक' लिहितो. गोंडीत स्त्री आणि वस्तू एकाच वर्गात मोडतात, म्हणून तिथला मुलगा 'बहीण आलं' लिहू शकतो. झाडीबोलीतला 'पानी' तर केवळ उच्चाराचा प्रश्न. वाक्यरचनेशी त्याचा संबंध नाही. तरी या सगळ्यांवर एकच लाल रेघ पडते.

याचा अर्थ सगळे खपवून घ्यावे असा नाही. आता दुसरे वाक्य पाहा. 'माझे वडील तेंदूपत्त्याचे पुडे घेऊन निघाले आणि पाऊस आला आणि भिजले आणि पैसे कमी मिळाले.' यात व्याकरणाची एकही चूक दाखवता येत नाही. पण भिजले कोण? वडील की पुडे? हाच मजकूर उद्या अर्जात लिहिला, तर पैसे का कापले हे वाचणाऱ्याला कळणार नाही. लाल रेघ इथे हवी होती. नेमकी इथेच ती पडत नाही. कारण आपली तपासणी शब्दाशी थांबते, वाक्यापर्यंत पोहोचत नाही.

1911 साली दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले, 1962 साली लेखनाचे नियम ठरले. नियम हवेतच. प्रमाण मराठी न येणारा मुलगा परीक्षेत आणि कचेरीत मार खातो, म्हणून ती न शिकवणे हीसुद्धा फसवणूकच. पण 'तुझी मराठी अशुद्ध' म्हणणे आणि 'तुझ्या घरी क्रियापद कर्त्याबरोबर चालते, इथे ते भाकरीबरोबर चालते' असे सांगणे यांत फरक आहे. पहिल्याने मूल गप्प होते, दुसऱ्याने त्याच्या हाती दोन भाषा येतात.

1990 च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून आपण मराठीवर आपला हक्क सांगत आलो. 'तुम्ही मराठी छान बोलता हो!' या कौतुकातला डंख आपल्याला ठाऊक आहे. तो सोसलेल्यांनी गोंड मुलाच्या वहीवर तोच डंख मारू नये. ती वही हाती आली की आधी विचारावे : बाळा, तुझ्या घरी हे कसं म्हणतात? लाल पेन त्यानंतर उचलावे.