रक्ताच्या कर्करोगातील औषधयोजना आणि चिठ्ठीची भाषा : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ल्युकेमिया म्हणजे अटळ मृत्यू, हे समीकरण समाजमनात खोलवर रुजलेले आहे. ‘अँखियों के झरोखों से’ (१९७८) सारख्या चित्रपटांनी ते अधिकच दृढ केले. प्रत्यक्षात या आजाराची औषधयोजना आमूलाग्र बदलली आहे. या बदलाचे श्रेय औषधांना मिळाले. मात्र ज्या चिठ्ठीतून औषध रुग्णापर्यंत पोहोचते, तिचीही चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

औषधयोजनेचे स्वरूप :
क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात इमॅटिनिब हे औषध २००१ पासून वापरात आले. सर्वसाधारणपणे रोज ४०० मिलिग्रॅम, तेही वर्षानुवर्षे, घ्यावे लागते. बालकांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात आरंभीचे उपचार रुग्णालयात होतात. त्यानंतर दीर्घकाळ घरीच मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा द्यावे लागते. दोन्ही प्रकारांत उपचारांचे केंद्र रुग्णालयाकडून घराकडे सरकते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

किमतीचा प्रश्न :
नोव्हार्टिसच्या ‘ग्लिव्हेक’चा मासिक खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या पर्यायी औषधाचा ८ ते १० हजार रुपये होता. पेटंट कायद्यातील २००५ मध्ये दुरुस्त झालेल्या कलम ३(ड) च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचे अपील फेटाळले. हा निकाल ऐतिहासिक होय. तथापि, औषध परवडणे आणि ते योग्य रीतीने घेतले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

चिठ्ठीचा प्रश्न :
जामसंडे येथील रुग्णाचे निदान मुंबईत परळला किंवा गोव्यात बांबोळीला होऊ शकते. गोळी मात्र जामसंड्यातील घरातच घेतली जाते. तेथे डॉक्टर नसतो, चिठ्ठी असते. आठवड्याचे मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेचे कार्य मंदावून प्राणावर बेतू शकते. याउलट, बरे वाटते म्हणून इमॅटिनिब परस्पर थांबविल्यास आजार पुन्हा उसळू शकतो. पहिली चूक एका इंग्रजी शब्दाच्या आकलनाशी निगडित आहे, तर दुसरी चिठ्ठीत न लिहिलेल्या कारणाशी.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ च्या दुरुस्तीद्वारे औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे सांगितले. या तरतुदीचा वाचक औषधविक्रेता आहे, रुग्ण नव्हे. अक्षर सुवाच्य झाले तरी इंग्रजी न जाणणाऱ्या आईला त्याचा काय उपयोग? बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहता सर्व भार डॉक्टरांवर टाकणे अन्यायाचे ठरेल, हे खरे. परंतु ‘आठवड्यातून एकदाच, दर सोमवारी, रोज नाही’ एवढी मराठी ओळ छापील शिक्क्यानेही उमटविता येते.

समारोप :
औषधयोजनेची परिपूर्णता रसायनात, किमतीत आणि भाषेत मिळून असते. पहिल्या दोहोंसाठी प्रयोगशाळा व न्यायालये झटली. तिसरीसाठी महाविद्यालयांतील मराठी व औषधनिर्माणशास्त्र विभागांनी एकत्र येऊन सोप्या सूचनापत्रिका तयार करणे शक्य आहे. लोकभाषेच्या संवर्धनाचा याहून निकडीचा उपक्रम क्वचितच असेल.