आवाज कसा नाही? : रहस्यकथेतला सायलेन्सर आणि त्यातली गोळी

आमच्या बीबीच्या वाचनालयातून आणलेल्या एका जीर्ण रहस्यकथेत, खुनाच्या प्रसंगाशेजारी कुणा वाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : 'आवाज कसा नाही?' पुस्तकाला मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पाने गळालेली, त्यामुळे लेखक कोण ते कळत नाही. प्रसंग मात्र ओळखीचा आहे. मुंबईतली चाळ, दुसरा मजला, मध्यरात्र, सायलेन्सर लावलेले रिव्हॉल्व्हर, 'फट्' असा बारीक आवाज. आणि पलीकडचे बिऱ्हाड गाढ झोपेत.

बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक या दोघांनीच प्रत्येकी हजारावर पुस्तके लिहिली. एवढ्या अफाट पसाऱ्यातून एखादे पुस्तक उचलून त्यावर खापर फोडणे मला योग्य वाटत नाही. मुका सायलेन्सर हा एकट्याचा दोष नव्हे, तो प्रघात आहे. इंग्रजी स्वस्त कादंबऱ्यांतून आणि सिनेमातून आलेला, मराठीत रुळलेला. पण त्या पेन्सिलवाल्या वाचकाने विचारलेला प्रश्न वाङ्मयीन आहे असे मला वाटते, आणि त्याचे उत्तर बंदुकीच्या नळीत नसून गोळीत आहे.

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावणे सोपे जाते. धोंडा सुटतो तेव्हा गोफणीच्या मोकळ्या टोकाचा 'सट्ट' आवाज होतो. पाखरे उडतात ती पुष्कळदा त्या आवाजानेच. पोतराजाच्या आसुडाचाही आवाज तसलाच. टोकाचा वेग ध्वनीच्या वेगापुढे गेला की हवेत तडाखा उमटतो. बंदुकीची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघाली तर तीही वाटभर हाच तडाखा देत जाते. म्हणजे गोळीबाराला मुख्य आवाज दोन : नळीच्या तोंडाशी फुटणाऱ्या तप्त वायूचा एक, आणि उडत्या गोळीचा स्वतःचा दुसरा. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकनाने १९०९ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र पहिल्या आवाजाला आवर घालते. वायू आतल्या कप्प्यांत फिरतो, थंडावतो, सावकाश बाहेर पडतो. दुसऱ्या आवाजावर त्याचा इलाज नाही. तिथे काडतूसच निवडून घ्यावे लागते.

त्या निवडीचा हिशेब असा. नेहमीच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास जाते, म्हणजे तडाखा आलाच. त्याच पिस्तुलात साडेनऊ ग्रॅमची जड गोळी घातली तर वेग ३०० च्या घरात उतरतो आणि तडाखा जातो. पॉइंट फोर फाइव्हची पंधरा ग्रॅमची गोळी मुळातच २५५ मीटरच्या आसपास रेंगाळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी बनवलेल्या 'डी लाइल' या आवाज दाबलेल्या बंदुकीला हेच काडतूस दिले होते. यात ऋतूचाही हात असतो. ध्वनी ऊन हवेत जलद जातो : आमच्याकडच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांत सेकंदाला ३५६ मीटर, पौषातल्या पहाटे १० अंशांत ३३७. म्हणजे ३४५ मीटर वेगाचे काडतूस वैशाखात गुपचूप जाईल आणि हुरड्याच्या दिवसांत कडाडेल. एखाद्या रहस्यकथाकाराने यावर अख्खे कथानक बेतायला हवे होते.

एवढे सगळे जमवले तरी 'फट्' होत नाही. पिस्तुलाचा मूळ आवाज १६० डेसिबलच्या आसपास. चांगला सायलेन्सर त्यातून वीस-तीस-पस्तीस कमी करतो. उरतो तो शेजाऱ्याला उठवायला पुरेसा. रिव्हॉल्व्हरची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याचे फिरते चक्र आणि नळी यांत फट असते, वायू तिथूनच निसटतो, पुढे काहीही लावा. रशियन नागांत रिव्हॉल्व्हर हा ठळक अपवाद. त्यात चक्र पुढे सरकून नळीला भिडते आणि गोळी पूर्ण पोटात घेतलेले खास काडतूस ती फट बुजवते. अपवादही पुन्हा काडतुसापाशीच येऊन थांबतो.

कुणी म्हणेल, करमणुकीच्या पुस्तकाकडून भौतिकशास्त्र कशाला मागता? मी ते मागत नाही. माझी तक्रार चाळीबद्दल आहे. कुणाच्या घरी आज काय शिजले हे भिंतीपलीकडे कळते, मध्यरात्रीचा खोकलाही तिसऱ्या खोलीत मोजला जातो, अशी ती वास्तू. असा आयता साक्षीदारांचा मेळा हाताशी असताना लेखक एका नळकांड्याने सगळ्या बिऱ्हाडांचे कान बंद करून टाकतो. सायलेन्सर तिथे हत्यार उरतच नाही. शेजारी हटवण्याची ती एक सोय असते. शेजारी गेले की जबाब गेले, जबाबांतल्या विसंगती गेल्या, आणि गुप्तहेराला उरतो फक्त पाठलाग नि मारामारी. काडतूस कोणते, हा एवढा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारला असता तरी कुणीतरी जागे झाले असते. वेगवान गोळीचा तडाखा तर ऐकणाऱ्याला दिशेबाबत फसवतो : आवाज नळीकडून न येता गोळीच्या वाटेवरून आल्यासारखा वाटतो. दोन प्रामाणिक शेजारी दोन वेगळ्या दिशा सांगतील आणि दोघेही खरे बोलत असतील!

कॉनन डॉयलने हे १९०३ मध्येच साधले होते, मॅक्सिमच्या पेटंटच्या सहा वर्षे आधी. भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या होम्सच्या वाचकांना रिकाम्या घराची ती कथा आठवेल. रोनाल्ड अडेर बंद खोलीत मरून पडतो. रस्ता वाहता, जवळच घोडागाड्यांचा अड्डा, तरी बार कुणीच ऐकलेला नाही. डॉयल आधी ऐकू शकणारी माणसे उभी करतो आणि त्यांनी न ऐकणे हेच कोडे बनवतो. मग उत्तरही शस्त्र आणि गोळी दोन्ही सांगून देतो : हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, आणि तिच्यातून सोडलेली मऊ टोकाची रिव्हॉल्व्हरची गोळी. पुढे कर्नल मोरान मेणाच्या पुतळ्यावर नेम धरतो तेव्हा वॉटसनला सूं असा आवाज आणि काच फुटल्याची किणकिण ऐकू येते. सगळ्यात गुपचूप शस्त्रालाही डॉयलने आवाज ठेवला.

मॅक्सिमच्या पेटंटच्याच वर्षी, २१ डिसेंबरला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तूल झाडले. भरल्या प्रेक्षागृहात, लपवायचे काही नव्हतेच. खऱ्या खटल्यांत कोण कुठे बसला होता, त्याने काय पाहिले, काय ऐकले, यावर पाने भरतात. आपल्या रहस्यकथेत ती पाने कोरी राहिली.

वाचनालयाचे ते पुस्तक मी परत केले. पेन्सिलीच्या ओळीखाली माझीही एक ओळ लिहिली : 'गोळी कोणती होती?'