भोरची वाट, बनेश्वरची घंटा

जुन्या गावांतील बोळ, विसरलेले वाडे आणि चमत्कारिक वस्तू यांवर लिहिण्याची प्रथा मराठीत आता चांगली रुळली आहे. दिवाळी अंक घ्या, एखाद्या ग्रामोत्सवाची स्मरणिका घ्या, 'दडलेल्या वारशा'चा एक तरी लेख त्यात असतोच. या लेखनाचे ऋण मोठे आहे. ज्या चिरेबंदी जोत्यावर आपण नकळत चप्पल काढून बसत होतो, त्याला काही इतिहास आहे हे त्याने आपल्याला शिकवले. परंतु या लेखनप्रकाराची नीट पारख अद्याप झालेली नाही. ती पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या भागांच्या आधारे करावी, असा या टिपणाचा हेतू आहे.

भोर ही पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे हे संस्थान चालवले. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. नीरेकाठच्या या गावातला राजवाडा एकोणिसाव्या शतकातला. दर्शनी भागावर पाश्चात्त्य वळणाची छाप, आत मात्र लाकडी खांबांचा मराठी चौक. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे हा चौक गाव न पाहिलेल्यांच्याही ओळखीचा झाला आहे. स्थळवर्णनपर लेखांत या वाड्याचे खांब, तुळया आणि कोरीवकाम यांचे वर्णन हमखास येते. तो बाहेरून एक आणि आतून दुसरा का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक सारे मर्म त्या प्रश्नात आहे. इंग्रजी सत्तेखाली राहणाऱ्या संस्थानिकाला साहेबासमोर एक चेहरा ठेवावा लागे आणि घरच्या देवासमोर, रयतेसमोर दुसरा. वाड्याची भिंत ही दोन निष्ठांमधील सीमारेषा होती, असे वाचले की लाकूड बोलू लागते. नाहीतर ते नुसतेच सागवान राहते.

या लेखनाचा पहिला दोष असा की ते वस्तू मोजते, नाती शोधत नाही. दुसरा दोष त्याहून गंभीर आहे. कोणती गोष्ट 'दडलेली' आहे हे ते सांगते, पण ती कोणी दडवली, कशासाठी दडवली, हे सांगत नाही. भोरजवळचे कांबरेश्वराचे मंदिर पाहा. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाच्या पोटात ते वर्षातील बहुतेक काळ बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते आणि मग त्याची छायाचित्रे छापून येतात. पण ते पाणी कोठे जाते? नीरेच्या कालव्यांनी ते बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या दुष्काळी मुलखाकडे जाते. एका खोऱ्यातले देऊळ आणि शेतशिवार पाण्याखाली गेले, म्हणून दुसऱ्या मुलखात ऊस उभा राहिला. हा हिशेब न मांडता केवळ मंदिराच्या 'अद्भुत दर्शना'चे कौतुक करणे म्हणजे विस्थापितांच्या दुःखाचा देखावा करणे होय.

या संदर्भात गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथा'ची आठवण होते. पायी हिंडून, एकाच गडावर पुनःपुन्हा जाऊन लिहिणारा हा लेखक आजच्या अनेक लेखकांना आदर्श वाटतो, आणि तो तसा आहेही. मात्र त्याच्या लेखनाचा नायक किल्ला आहे. त्याच्या अनुयायांनी ती भक्ती तेवढी उचलली, चाल उचलली नाही. परिणामी राजगड आणि तोरणा यांवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि पायथ्याची गावे वाटेवरच्या चहापुरती उरतात. राजगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच खोऱ्यातला तोरणा त्या बारा किल्ल्यांत नाही, म्हणून तो उणा ठरत नाही. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. गडाचा हा गौरवच आहे. तरीही एक सांगावेसे वाटते. वेल्हे हे नाव ज्यांच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या होते, त्यांचे लहानसहान संदर्भ आता लेखकांनीच टिपून ठेवले पाहिजेत. शिखर आपोआप दिसते, पायथा दाखवावा लागतो.

आता आपल्या वाचकांना विशेष जवळच्या अशा एका वस्तूकडे वळतो. पुणे-सातारा रस्त्यावरून चेलाडीजवळ वेल्ह्याकडे वळले की नसरापूर लागते. तेथील बनेश्वराचे देवालय नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ साली बांधले गेले. तेथे एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या मोहिमेतून ती आली, असे सांगतात. महाराष्ट्रात अशा घंटा आणखीही देवळांत आहेत.

या घंटेवर दोन प्रकारे लिहिले जाते. एका लेखनात ती विजयचिन्ह असते, दुसऱ्यात ती आपल्या हातून गेलेली ठेव असते. समीक्षेच्या दृष्टीने दोन्ही वाचने अपुरी आहेत, कारण दोन्हींत घंटा मुकी आहे. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात टांगलेली असते. शेतावरच्या, होडीतल्या, दूरच्या माणसाला ती हाक मारते. देवळातली घंटा हाताच्या अंतरावर असते. आत येणारा स्वतः ती वाजवतो आणि आपण आल्याचे देवाला कळवतो. एकच कांस्य आधी बोलावणारे होते, नंतर वर्दी देणारे झाले. ओतल्यापासून वसई पडेपर्यंत छप्पन्न वर्षे. त्यानंतर मात्र पावणेतीनशेहून अधिक वर्षे दुसऱ्या भाविकांच्या हाताने ती वाजत आली. ती परत मागावी असे मला वाटत नाही. जी घंटा आजही वाजते ती हरवलेली म्हणता येणार नाही. तिची पुरी गोष्ट मात्र सांगितली गेली पाहिजे. कोण्या गावच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी तिच्या नादावर दिवस मोजला असेल, तो नाद थांबला तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हेही त्या गोष्टीत आले पाहिजे. युद्धात जिंकणाऱ्याचे शौर्य आणि हरणाऱ्याचे मौन, दोहोंना एका परिच्छेदात जागा देता येते. ती देण्याचे धैर्य हीच अशा लेखनाची खरी कसोटी.

तेव्हा चांगले स्थळलेखन कसे ओळखावे? वाचून झाल्यावर वस्तू पाहण्याची नुसती उत्सुकता वाटली, तर ते लेखन माहितीपर होय. त्या वस्तूशी आपले काही देणेघेणे आहे अशी जाणीव झाली, तर ते साहित्य होय. वाचकहो, भोरला जाल तेव्हा वाड्याचा चौक जरूर पाहा. मग नसरापुरी थांबा. तिथे कोणीतरी घंटा वाजवील, तेव्हा क्षणभर उभे राहा. तो नाद एका वेळी दोन गावांचा आहे, आणि त्यातले एक कदाचित आपले असेल.