जळणे आणि जाळणे : हिंसेच्या मराठी कथनातील कर्ता

१

राजकीय हिंसेविषयी मराठीत जे लेखन झाले, त्याची चर्चा बहुधा आशयाच्या अंगाने होते. लेखकाची सहानुभूती कोणाकडे आहे, अनुभव कितपत अस्सल आहे, अभिव्यक्तीत तोल राखला गेला आहे की नाही, असे प्रश्न विचारले जातात. क्रियापदांकडे मात्र समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. मराठीत जळणे आणि जाळणे, मरणे आणि मारणे, पडणे आणि पाडणे अशा जोड्या आहेत. पहिल्या रूपात घटना असते, दुसऱ्यात कृत्य. 'त्यांनी घरे जाळली' या वाक्यात क्रियापद घरांच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि कर्ता तृतीयेत उभा असतो. तो गाळला तरी वाक्य मोडत नाही. 'घरे जाळली', 'घरे जाळली गेली', 'घरे जळाली' अशा तीन पायऱ्यांत कर्ता पूर्णपणे नाहीसा होतो आणि घरे जणू आपली आपणच जळतात. हिंसेनंतर समाज ज्याला 'सावरणे' म्हणतो, ते पुष्कळदा या तीन पायऱ्या उतरणेच असते.

शब्दसंग्रहही याच कामी येतो. कुस्त्यांच्या फडाला 'दंगल' म्हणतात. हाच शब्द वस्ती जाळण्याला लावला की दोन तुल्यबळ पक्ष समोरासमोर आल्याचा भास निर्माण होतो. हिंसा 'उसळते', 'भडकते', 'लोण पसरते'. ही सारी आगीची आणि पाण्याची क्रियापदे आहेत, माणसांची नव्हेत. 'झाले गेले गंगेला मिळाले' हा आपला लोकप्रिय उपशमाचा मंत्र तर तीन अकर्मक क्रियापदांचाच बनलेला आहे.

२

३० जानेवारी १९४८ नंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. या पर्वाला मराठीने दिलेले नाव 'जळीत' असे आहे. ज्यांची घरे गेली ते 'जळीतग्रस्त' ठरले. जाळणाऱ्यांसाठी मात्र भाषेने नावच घडवले नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या कृत्यानंतर हे घडले त्याला काही वर्तुळांत 'हत्या' न म्हणता 'वध' म्हटले गेले. वध दैत्याचा होतो. त्या शब्दात कर्ता लपत नाही, पण तो अपराधीही राहत नाही. न्यायालयाने खुनाचा निवाडा केला. पुढे कपूर आयोगाने (१९६६–१९६९) कटाच्या पूर्वसूचनांची चौकशी केली. गावोगावच्या जाळपोळीचा असा सार्वजनिक हिशेब झाला नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' (१९६४) ही या पर्वावरची महत्त्वाची कादंबरी. गांधीहत्येनंतर पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांच्या वाटचालीतून ती घडते. तिच्या संयमाची प्रशंसा झाली आणि ती सार्थच आहे: सूडाची भाषा हाताशी असताना ती टाळणे हे लहान यश नव्हे. तथापि शीर्षकातील प्रतिमा काय करते, हे पाहावयास हवे. वावटळ येते आणि जाते. तिला हेतू नसतो, तिच्यावर खटला भरता येत नाही. ज्या रूपकाने लेखकाला कटुतेपासून वाचवले, त्याच रूपकाने समाजाला उत्तरदायित्वातून मुक्त केले. हा लेखकाचा दोष म्हणता येणार नाही. ज्या हिशेबाची सोय समाजाने केली नाही, तो एकट्या कादंबरीने मांडावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

३

कला म्हणजे आरोपपत्र नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. मेहकरचे ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांनी हिंसेवर लिहिले म्हणून नव्हे, तर दोन भाषाव्यवहार एकाच माणसात कसे नांदतात हे त्यात दिसते म्हणून. 'शीळ'पासून (१९५४) साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या 'खूणगाठी'पर्यंत ते भावकवी होते, व्यवसायाने वकील. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी जो वकिली करतो, त्याला कोणी, केव्हा, कोठे, कशाने हे सांगितल्यावाचून एक पाऊल पुढे टाकता येत नाही. भावकवितेत मात्र कर्ता विरघळू शकतो. किंबहुना तो विरघळण्यातच तिचे सौंदर्य असते. या दोन भाषांना आपापले क्षेत्र असते तोवर बिघडत नाही. न्यायालयात बोलावयाचे वाक्य बोललेच जात नाही आणि त्याची जागा भावकाव्याच्या भाषेने भरून काढली जाते, तेव्हा खरा पेच निर्माण होतो. करुणा निवाड्यानंतर आली तर ती करुणा असते. निवाड्याऐवजी आली तर ती सोय असते.

४

मेहकरच्या दक्षिणेस लोणार आणि लोणारपलीकडे मराठवाडा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. अत्याचार विरोधी समितीने १९७९ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला, पण सार्वजनिक स्मृतीत टिकले ते 'नामांतराची दंगल' हेच नाव. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, म्हणजे विद्यापीठाला नाव मिळाले. हल्लेखोरांना नाव मिळाले नाही. पुढे १९९५ नंतर मराठवाड्यातील दलित अत्याचारांचे हजारावर खटले 'मागे घेण्यात आले'. शासकीय मराठीचे हे लाडके 'करण्यात आले' म्हणजे कर्तालोपाचा राजमार्गच होय.

याच्या उलट दिशेने दलित साहित्य गेले. बाबूराव बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या शीर्षकातला उपरोध व्याकरणात आहे: ज्याच्यावर अन्याय झाला तोच गुन्ह्याचे क्रियापद 'मी'सह उच्चारतो, आणि ज्या समाजाने अन्याय केला तो 'घडले' म्हणून मोकळा होतो. नामांतराच्याच वर्षी, १९७८ मध्ये, दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. अशा लेखनावर आक्रस्ताळेपणाचा शेरा मारणाऱ्या समीक्षेला आवाज खटकत होता की त्यातला कर्ता, हे तपासण्याजोगे आहे.

५

कर्त्याचे नाव घेतल्याने जखमा चिघळतात, हे म्हणणे वरवर शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. व्यक्ती म्हणून कर्ता निश्चित झाला नाही की कर्तृत्व जातीवर, धर्मावर, 'गावा'वर पसरते. १९४८ चे जळीत हेच मुळी त्याचे उदाहरण आहे: काही जणांचे कृत्य एका जातीच्या नावे मांडले गेले. जाळणाऱ्यांची नावे न घेतल्यामुळे पुन्हा तोच दोष उलट दिशेने घडला आणि जळीतग्रस्तांच्या घरांतून 'त्यांनी' हे अमर्याद सर्वनाम पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. निवाडा हे सर्वनाम मोडतो. तो अपराध्याला वेगळा काढतो आणि त्याच्या जातभाईंना मोकळे करतो.

मुंबईत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडल्या. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २००६–०७ मध्ये शंभर जण दोषी ठरले. त्याआधीच्या डिसेंबर–जानेवारीतील हिंसेत सुमारे ९०० माणसे मेली. तिची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला, मे महिन्यात पुन्हा नेमला गेला. १९९८ च्या त्याच्या अहवालात नावे होती, पण शिक्षा फार थोड्यांना झाली. बेपत्ता १६८ जणांच्या कुटुंबीयांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निकालापर्यंत लांबला. एका हिंसेला कर्ता मिळाला, दुसरी 'घडली'. या व्याकरणभेदातून निपजलेला अविश्वास एकोप्याच्या मिरवणुकांनी भरून निघत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाचा दाखला क्षमेच्या बाजूने नेहमी दिला जातो. परंतु १९९५ च्या त्या कायद्यातील माफी पूर्ण कबुलीच्या मोबदल्यात होती. पश्चात्तापाची अट नव्हती. 'मी केले' हे वाक्य मात्र सर्वांसमक्ष उच्चारावे लागे. सात हजारांवर अर्जांपैकी बहुसंख्य फेटाळले गेले. फेटाळलेल्यांपैकी फार थोड्यांवर खटले चालले, म्हणून त्या देशातही आयोगाचे काम अपुरे राहिल्याची तक्रार टिकून आहे. क्षमेलाही कर्ता लागतो: जो नाहीच, त्याला क्षमा कशी करणार?

मराठी समीक्षेपुढचे काम त्यामुळे स्पष्ट आहे. संयम, तटस्थता, करुणा ही मूल्ये हिंसेच्या कथनाला लावताना, तो संयम कर्ता सांगून झाल्यावरचा आहे की कर्ता सांगावा लागू नये म्हणूनचा, एवढे तरी तिने विचारले पाहिजे. न्यायालयाचे काम साहित्याने करावे असा याचा अर्थ नाही. 'जाळली' असे म्हणावयाच्या जागी 'जळाली' लिहिले गेले असेल, तर ते शैलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदवून पुढे जाऊ नये, इतकाच आहे.